पाटीची मागची बाजू

“थांबा मुंजाजी, उतरा खाली,” शिडीचा पाय धरून धम्मानंद सर म्हणाले. “खालचं नाव वर घ्यायचंय.”

मुंजाजी पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. “सर, वरच्या नावाचा रंग वाळला बी न्हाई अजून.”

“वाळायच्या आत पुसा म्हणजे लवकर निघेल,” सर म्हणाले आणि कपाळ चोळत आत निघून गेले.

ताडकळसच्या अलीकडे, रस्त्याला लागून, बियाणे तपासणी पदविकेचं केंद्र होतं. तीन खोल्या, एक प्रयोगशाळा आणि फाटकाशी दोन खांबांवर उभी केलेली पत्र्याची पाटी. पदविका दोन शेजारी विद्यापीठांनी मिळून काढलेली. त्यांची खरी नावं एका दमात म्हणता येत नाहीत, म्हणून गावकरी एकाला उगवतीचं म्हणत आणि दुसऱ्याला मावळतीचं. आपणही तेवढंच म्हणू. जुन्या कुलगुरूंनी एकमेकांना हार घालून ती सुरू केली, तेव्हा तिला काळं कुत्रं विचारत नव्हतं. पुढं बियाण्यांच्या कंपन्या पोरांना दारात येऊन नोकऱ्या देऊ लागल्या आणि दोन्ही विद्यापीठांना एकदम साक्षात्कार झाला की ही पदविका मुळात आपलीच आहे. मावळतीचे म्हणत, जागा आमची. उगवतीचे म्हणत, कल्पना आमची. समन्वयक धम्मानंद सर दोघांचेही नोकर, म्हणजे दोघांचीही बोलणी खाण्याचा हक्क त्यांना होता.

या भांडणात एकट्या मुंजाजीचं भलं झालं. फ्लेक्सवाल्यांनी त्याचा धंदा केव्हाच गिळला होता. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं छापून मिळायचं. पण दोन विद्यापीठांच्या करारात ‘कायमस्वरूपी फलक’ असं लिहिलेलं असल्यामुळं पाटी पत्र्यावर हातानं रंगवलेलीच लागे, आणि ती कायमस्वरूपी पाटी दर दोन-तीन महिन्यांनी बदले. कधी उगवतीचं नाव वर, कधी मावळतीचं. मुंजाजीची बायको कमलबाई खुशीत होती. “भांडू द्या की,” ती म्हणायची. “आपलं काय जायलंय?”

आपलं जायलाही लागलं, ते त्यांची पोरगी अपेक्षा तिथं शिकायला गेल्यावर. तिला तिथं घातलं मुंजाजीनंच. शिडीवरून त्याला खिडकीतून पोरं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली दिसायची, आणि त्याला वाटायचं, आपली पोरगी तिथं बरी दिसेल. ती पहिल्या वर्गात पास झाली. जालन्याच्या एका कंपनीनं तिला प्रयोगशाळेत घेतलंही. फक्त महिनाअखेरीपर्यंत मूळ प्रमाणपत्र आणून दाखवायचं होतं.

आणि प्रमाणपत्रावर तर सह्याच नव्हत्या.

त्यावर नावं कुठल्या क्रमानं छापायची हे सरकारनंच वर्णानुक्रमे ठरवून दिलं होतं, त्यामुळं तिथं दोघांचाही नाइलाज झाला. पाटीबद्दल मात्र सरकार काही बोललं नव्हतं. मग सगळी इज्जत पाटीवर आली. पदविकादान समारंभाला येऊन आपण सह्या करू, असं दोन्ही कुलगुरूंनी कळवलं. पाटीवर आमचं नाव वर असेल तरच फाटकात पाऊल ठेवू, असंही दोघांनी कळवलं. समारंभ दोनदा पुढं ढकलला गेला होता, आणि आता महिनाअखेरीच्या आतली तिसरी तारीख लागली होती.

त्या संध्याकाळी मुंजाजी घरी आला तर अपेक्षा चुलीपुढं नुसतीच बसलेली.

“पप्पा, जालन्याचा फोन आल्ता,” ती म्हणाली. “महिनाअखेरीच्या पुढं थांबत न्हाईत म्हणले. दुसरी पोरगी बघायलेत.” चुलीतलं लाकूड आत सारून ती म्हणाली, “तुमी काहून सारखं सारखं रंगवून देताव त्यांना?”

जेवायला बसल्यावर मुंजाजीला ताटावरून उठावंसं वाटलं. ज्या भांडणावर आपलं घर चाललं तेच आता पोरीच्या मुळावर आलं होतं. लाज वाटली त्याला, आणि राग आला तोही स्वतःचाच.

समारंभाच्या आदल्या दिवशी तो पाटीपाशी गेला. मावळतीचं नाव वर घेण्याचा ताजा हुकूम होता. तो त्यानं पाळला. नंतर सहज पाटीच्या मागं जाऊन उभा राहिला. पाटी रस्त्याला आडवी होती. मावळतीकडून येणाऱ्याला तिची पुढची बाजू दिसे आणि उगवतीकडून येणाऱ्याला कोरा, गंजका पत्रा. इतकी वर्षं ती बाजू कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. मुंजाजीनं शिडी उचलून मागं लावली, पत्रा घासला, पदरचा रंग काढला आणि तीच पाटी तिथं पुन्हा रंगवली. फक्त उगवतीचं नाव वर घेतलं. अक्षरं कशी टपोरी आली होती. खूश होऊन त्यानं रिवाजाप्रमाणं खालच्या कोपऱ्यात ‘मुंजाजी आर्ट्स’ लिहिलं आणि मोबाइल नंबर टाकला.

धम्मानंद सर बाहेर आले. वासावरूनच त्यांना काहीतरी शंका आली.

“मागं काय केलंत?”

“बघता का सर?”

सरांनी उचललेलं पाऊल परत जागेवर ठेवलं. मग म्हणाले, “नको. मला आत काम आहे.” समारंभ संपेपर्यंत ते पाटीच्या मागं गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मावळतीचे कुलगुरू मावळतीकडून आले, पाटी वाचली आणि प्रसन्न झाले. उगवतीचे उगवतीकडून आले, पाटी वाचली आणि त्याहून प्रसन्न झाले. आपण जिंकलो आणि समोरचा हरला, अशी दोघांचीही खात्री पटल्यामुळं दोघं एकमेकांशी अतिशय मोठ्या मनानं वागले. पहिली सही कोणाची, हा पेच उरला होता. त्यावर सरांनी टेबलाच्या दोन टोकांना दोन गठ्ठे ठेवले. दोघांनी एकदमच सुरुवात केली आणि मग गठ्ठ्यांची अदलाबदल झाली. अपेक्षाचं नाव पुकारलं तेव्हा कमलबाई पदरानं डोळे पुसत होती. मुंजाजी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. अपेक्षानं प्रमाणपत्र हातात घेऊन आधी सह्या बघितल्या, मग बापाकडं बघितलं.

सगळं निभावलं असतं. पण उगवतीच्या कुलगुरूंना प्रेमाचं भरतं आलं. चुडाव्याच्या शिवारात त्यांच्या मित्राकडं हुरडा होता. तिकडं चलाच, म्हणून त्यांनी मावळतीच्यांना आग्रह केला. दोघं एकाच गाडीतून गेले, एकाच आगटीभोवती बसले, एकमेकांच्या हातावर हुरडा ठेवला. पोटभर खाऊन मावळतीचे कुलगुरू मागून आलेल्या आपल्या गाडीनं परत निघाले. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा ते केंद्राच्या फाटकाशी उगवतीकडून आले.

मुंजाजीचा फोन वाजला.

“ती पाटी तुम्ही रंगवलीत का?”

“हो साहेब,” नवीन काम आलं असं समजून मुंजाजी म्हणाला. “आवडली का?”

चौकशी समिती बसली ती अपेक्षा जालन्याला रुजू झाल्यावर. दोन सभासद इकडचे, दोन तिकडचे. धम्मानंद सरांनी, आपण पाटीच्या मागं कधीही गेलो नाही, असं शपथेवर सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग मुंजाजीला बोलावलं. फसवणूक केलीत हे मान्य आहे का, असं विचारलं. त्यानं मान्य केलं. कोणाच्या सांगण्यावरून केली, असं विचारलं.

“कोणाच्याच न्हाई. माझी पोरगी व्हती त्याच्यात.”

समितीनं ते लिहून घेतलं. मग मावळतीच्या एका सभासदाला वाटलं, फसवणुकीच्या पाटीखाली वाटलेली प्रमाणपत्रं रद्द का करू नयेत? मुंजाजी टेबलाशी पुढं झाला. पोरगी तिकडं खोली घेऊन बसली होती. इतक्यात उगवतीचे सभासद उसळून म्हणाले की रद्द करण्याचा अधिकार आमचा. मावळतीचे म्हणाले, तो तुम्हाला कोणी दिला? दुपारपर्यंत ते चाललं. शेवटी प्रमाणपत्रं कोणी रद्द करायची हे न ठरल्यामुळं ती तशीच राहिली. ज्या भांडणाला त्यानं इतक्या शिव्या दिल्या होत्या, त्याच भांडणाला मुंजाजीनं मनातल्या मनात हात जोडले.

एका गोष्टीवर मात्र चौघांचं एकमत झालं, आणि त्या पदविकेच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. मुंजाजी पेंटरला यापुढं दोन्ही विद्यापीठांनी कसलंही काम देऊ नये, आणि पाटी त्यानं स्वखर्चानं पुसून द्यावी. नवीन पाटी फ्लेक्सची लागणार होती. करारातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द त्याच बैठकीत काढून टाकला गेला.

मुंजाजीला वाईट वाटलं. हे काम गेल्यावर ब्रश भिजवायला दुसरं काम उरलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. तरी तो सकाळीच पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि शिडी लावून कामाला लागला. एक हात दिला तर अक्षरं खालून दिसत राहिली, म्हणून त्यानं दुसरा दिला. कोपऱ्यातलं स्वतःचं नाव पुसताना त्याचा हात जरा थांबला, पण तेही त्यानं नीट पुसलं.

बाजाराला निघालेला एक म्हातारा मोटारसायकलीच्या मागच्या सीटवरून पाटीकडं बघत होता. त्यानं पुढं बसलेल्या मुलाला थांबायला लावलं.

“पेंटर, काय हाय वो हितं?” त्यानं विचारलं.

मुंजाजीनं मागं वळून केंद्राच्या तीन खोल्यांकडं बघितलं.

“माझी पोरगी शिकली हितं,” तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि गाडी निघून गेली. मुंजाजी खाली उतरला आणि शिडी उचलून पाटीच्या दुसऱ्या बाजूला गेला.