प्लगपर्यंतची तीस पावलं

क्लबच्या बॅडमिंटन हॉलचं काम शुक्रवार संध्याकाळपर्यंत उरकलं, तर देवराम मिस्तरीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, क्लबचे सेक्रेटरी खंडेराव शनिवारी स्पर्धेच्या उद्घाटनात माइकवरून त्याचं नाव घेणार होते. दोन, त्या उद्घाटनाला येणाऱ्या एका कॉलेजच्या ट्रस्टींच्या कानावर ते नाव पडणार होतं, आणि त्या कॉलेजचं लाकडी स्टेज दोन वर्षांपासून घासायला आलेलं होतं. तीन, मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं. मेहुणा फर्निचरचं दुकान चालवी आणि दर सणाला जेवताना, वाढणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारी, "दाजी, ते मुंबईहून आणलेलं रोडरोलर अजून चालतं का हो?" ही तिसरी गोष्ट देवराम कुणाला सांगत नसे, पण काट्यावर घातली असती तर तीच सगळ्यांत जड भरली असती.

ते रोडरोलर म्हणजे लाकडी जमीन घासायचं मशीन. पुढं जाडजूड पोट, पोटाखाली मांडीएवढा रबरी ड्रम आणि मागं ढकलायचा उंच दांडा. ड्रमभोवती पॉलिश पेपर गुंडाळायचा, त्याची दोन्ही टोकं ड्रमच्या लांब खाचेत खुपसायची, आणि बोटांनी ती तशीच दाबून धरून कडेचा पाना आवळायचा. सांगायला एवढंच. पण कागद केसभर सैल राहिला की ड्रम फिरताच फडफडतो, फाटतो, आणि फाटता फाटता सागवानात असा खड्डा पाडतो की तो काढायला आजूबाजूची हातभर जमीन खाली न्यावी लागते. देवरामनं लावलेला कागद दर तिसऱ्या खेपेला फाटे. मशीन त्याचं, विद्या मात्र वाळूच्या बोटांत.

वाळू पेठकडचा. भाताची कापणी, झोडणी झाली की बायको भागीबाईला घेऊन नाशकात यायचा आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी गावी परतायचा. सहा वर्षांपूर्वी देवरामनं त्याला पेठ नाक्यावरून गोणी उचलायला म्हणून आणलं. चौथ्या दिवशी कागद फाटल्यावर देवराम मशीनच्या आईबापाचा उद्धार करत बसला होता, तेव्हा वाळू म्हणाला, "मिस्तरी, मी बघू का?" उजव्या हाताच्या बोटांनी त्यानं टोकं खाचेत दाबली, डाव्या हातानं पाना फिरवला, मग ताणलेल्या कागदावर नखानं टिचकी मारून कान दिला.

"काय ऐकतो रे?"

"बोलाय लागलं की पुरं. अजून मुकाच हाय." अर्धा आटा आणखी फिरवून पुन्हा टिचकी. "हां. आता बोलला."

तेव्हापासून कागद वाळूचा आणि बढाई देवरामची.

साल होतं दोन हजार सहा, महिना मे. हॉलच्या दाराला भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं: अकरा ते दोन, वीज नाही. भर दिवसाचे तीन तास असे जायचे. पण देवरामसारखा माणूस गेलेल्या वेळेतूनही काहीतरी उपटून काढायचाच. त्यानं एक शक्कल काढली होती आणि तिचा त्याला मुलाबाळांइतका अभिमान होता. वीज गेली की मशीन मागं कलतं करायचं, दांडा हॉलच्या टोकाला असलेल्या स्टेजच्या पायरीला टेकवायचा, म्हणजे ड्रम जमिनीपासून सुटतो. आणि स्विच तसाच चालू ठेवायचा. वीज आली की मशीन आपोआप घरघरतं. झोपलेला माणूस उठतो. मिनिटभरसुद्धा वाया जात नाही.

"घड्याळ नको, गजर नको," देवराम सांगायचा. "लाइट आली की मशीनच हाक मारील, वाळ्या ऊठ!"

"आन् मशीन मला वाळूशेठ म्हनलं तर?" वाळू विचारी.

"तर मी तुझ्याकडं कामाला येईन."

भागीबाई झाडता झाडता पदर तोंडाला लावून हसायची.

या शकलेत एक गोम होती. मशीन ज्या अवस्थेत कलतं करून वाट बघत ठेवायचं, नेमक्या त्याच अवस्थेत त्याला कागद लावायचा असतो. प्लग हॉलच्या पलीकडच्या भिंतीला, तीस पावलांवर. सुरुवातीला वाळू कागद लावण्याआधी तिथवर जाऊन प्लग काढायचा, मग परत लावायला जायचा. पण वीजच नाही, आणि दोनशिवाय ती येत नाही हे शहरातल्या पोराटोरांना पाठ, तर प्लग काढायचा कशाला? आठवडाभरात ती तीस पावलं बंद पडली; लाइट असली की नुसता स्विच बंद करून भागवलं जाई, नसली की तेही नाही. देवरामनं पाहिलं होतं. बोलला काहीच नाही. दिवसाला सात-आठदा कागद बदलायचा म्हटलं तर वाचणारी मिनिटं त्याला मनातल्या मनात मोजता येत होती.

गुरुवारी सकाळी त्यानं जमीन पाहिली आणि उरलेले तास मोजले. साठ नंबरचा भरड कागद कसाबसा पुरा होत आला होता; बारीक कागदाचे दोन हात आणि वर पॉलिश बाकी. रोजचे तीन तास असेच गेले तर शुक्रवार हातचा जाणार. "लाइट गेली की आधी सगळी धूळ काढा, मग भाकर खा, मग एकशेवीस नंबरचा बारीक कागद लावून ठेव," असं वाळूला सांगून त्यानं स्कूटर काढली आणि थेट खंडेरावांचा बंगला गाठला.

खंडेराव झोपाळ्यावर बसून आमंत्रणपत्रिकांवर नावं घालत होते. "या मिस्तरी. शनिवारी पोरांना खेळवताय ना, का मी त्यांना कॅरम देऊ?"

"साहेब, तीन तास रोज लाइट खाते. मशीन विजेवर चालतं, माझ्यासारखं चहावर नाही चालत."

"मग चहा घ्या, बघतो." खंडेरावांनी ओळखीच्या कुणाला तरी फोन लावला, दोनदा खळखळून हसले, एकदा आवाज खाली आणला आणि रिसीव्हर ठेवला. "साडेबाराला येईल. फक्त क्लबच्या लाइनीवर. गावभर बोंबलू नका, नाहीतर बाकीची कॉलनी उद्या माझ्या दारात."

तेव्हा पावणेबारा वाजले होते. क्लब स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर. क्लबच्या ऑफिसात फोनही होता, नि देवरामच्या खिशात नवा मोबाईल. दाराबाहेर येऊन त्यानं तो काढलाही. मग त्याला वाटलं, सांगायचंय काय त्यात? लाइट आली की मशीन सांगेलच.

वाटेत मेहुण्याचं दुकान लागलं. शनिवारचं आमंत्रण तोंडी द्यायचं तर मिशीला पीळ देऊन द्यावं, म्हणून देवराम तिथं उतरला. मेहुण्यानं थंड मागवलं. दुकानात वीज नव्हती. मेहुणा एका कॅटलॉगनं वारा घेत होता.

"दाजी, तीन दिवसांत होईल म्हणाला होतात. हा कितवा आठवडा?"

"शनिवारी ये. माइकवरून ऐकशील."

"तुमच्या मशीनचा आवाज?"

"माझं नाव." देवरामनं घड्याळ पाहिलं. साडेबाराला दोन मिनिटं. तो खुर्चीत ऐसपैस मागं रेलला. "तुमच्याकडं दोनपर्यंत अंधार ना? आमच्याकडं आत्ता मशीन बोललंसुद्धा असेल."

एक तास धूळ काढायला, अर्धा तास भाकरीला, मग कागद. वाळूचा क्रम त्याला पाठ होता. सकाळी त्यानंच घालून दिला होता. अकरा आणि दीड तास म्हणजे साडेबारा. पॉलिशच्या डब्यातले थेंब मोजणाऱ्या या माणसानं हे दोन आकडे तेवढे एकाखाली एक मांडले नाहीत.

पावणेएकला तो क्लबात पोचला. स्कूटर लावताना त्यानं कान दिला. मशीनचा आवाज नव्हता. त्याच्या कपाळावर आठी चढली. खंडेरावांनी शब्द पाळला नाही की ही दोघं झोपलीत? तो दारातूनच ओरडला, "वाळ्या, लाइट आली नाही का रे?"

वरती पंखा गरगर फिरत होता.

वाळू भिंतीला टेकून बसला होता, पाय पसरून. त्याचा उजवा हात भागीबाईनं आपल्या लुगड्याच्या पदरात गच्च गुंडाळून स्वतःच्या छातीशी धरला होता. पदराचा रंग ओळखू येत नव्हता. क्लबचा रखवालदार रिक्षा आणायला धावला होता. मशीन पायरीला टेकलेलं, गप्प. खाचेतून नवा कागद अर्धा लोंबत होता. प्लग तिकडं भिंतीखाली पडला होता. ती तीस पावलं भागीबाई धावली होती.

"बोललाच नाय कागद," वाळू म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "टिचकी माराया येळच नाय घावला, मिस्तरी."

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. भागीबाई तोंड उघडणार तेवढ्यात देवराम बोलून गेला, "स्विच बंद न करता कागद लावत होता, साहेब. शंभरदा सांगितलंय."

भागीबाई त्याच्याकडं वळली. "शंभरदा काय सांगलंय मिस्तरी? मशीन हाक मारील, स्विच चालू ऱ्हाऊ दे, ह्येच ना?"

"गप गं," वाळू खाटेवरून म्हणाला. "पलग काढू नको असं कवा म्हनले ते? चुकी माझीच हाय."

हे वाक्य देवरामच्या फार उपयोगाचं होतं. त्यानं ते तिथंच उचलून जपून ठेवलं, आणि पुढं रखवालदाराला, खंडेरावांना, बायकोला, विचारील त्याला तेच काढून दाखवलं. लाइट आज लवकर येणार हे आपल्याला माहीत होतं, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. खंडेरावांनीच बजावलं होतं ना, बोंबलू नका म्हणून.

घासलेलं कोरं लाकूड जे मिळेल ते पितं. पायरीपाशी, कोर्टाच्या रेषेबाहेर, सागवानानं हातभर डाग पिऊन टाकला होता. शुक्रवारी देवरामनं तो स्वतः घासला. सात वेळा कागद लावला, दोनदा फाटला. दर वेळी आधी प्लगपर्यंत तीस पावलं गेला, कागद लावला, टिचकी मारली. काय ऐकायचं ते त्याला कळत नव्हतं. मग प्लग लावायला पुन्हा तीस पावलं. डाग फिका झाला, गेला नाही. त्यावर त्यानं पॉलिशचे तीन हात दिले आणि शनिवारी तिथं पंचांची खुर्ची मांडली.

खंडेरावांनी माइकवरून नाव घेतलं. ट्रस्टींनी जोडे काढून जमिनीवर पाय फिरवून पाहिला आणि सोमवारी भेटायला बोलावलं. मेहुणा आला होता. त्यानं त्या दिवशी आणि पुढं कधीच रोडरोलरचा विषय काढला नाही. वाळूच्या हाताचं त्याला सगळं कळलं होतं. म्हणजे देवरामनं मोजलेल्या तिन्ही गोष्टी, एकही कमी न होता, त्याच्या पदरात पडल्या.

भरणा झाला तो असा. खंडेरावांचा एक फोन. देवरामची दवाखान्याची पहिली पावती, आणि शुक्रवारची चारशेवीस पावलं. वाळूची उजव्या हाताची तीन बोटं, अंगठा आणि करंगळी सोडून. आणि आषाढात, पेठच्या पलीकडं, गुडघाभर चिखलात भागीबाई वाकलेली. दर साली दोघं मिळून सहा दिवसांत चार खाचरं लावायची. यंदा वाळू बांधावरून डाव्या हातानं रोपांच्या जुड्या तिच्या पुढ्यात टाकत होता, आणि चारही खाचरं तिनं एकटीनं लावली. अकरा दिवस लागले.