बारीक विणीची जाळी

होसकोटेजवळच्या शेतावर सुखदाने शेळ्यांच्या जोडीला टर्की पाळले आणि तिच्या जिवाची स्वस्थता गेली. कुंपणाच्या मोठ्या चौकोनांत शेळ्यांची शिंगं अडकत, आणि त्याच चौकोनांतून टर्कीची पिल्लं शेजाऱ्याच्या नाचणीत पळत. आज सकाळी एक शेळी मान अडकून धडपडताना दिसली, तशी तिला सोडवून ती तडक पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या जाळीच्या दुकानात आली.

"झटका मशीनची तार लावा अक्का," दुकानदार म्हणाला. "विजेचा हलका झटका बसला की जनावर परत जवळ येत नाही."

"शेळ्यांचं ठीक आहे अण्णा, पण पिल्लं तारेखालून जातील."

तिने बारीक विणीची जाळी हाताने दाबून पाहिली. यात शिंग शिरणार नव्हतं, पिल्लूही नाही. मोठे टर्की मात्र वरून उडाले असते. उडताना तोल जावा म्हणून त्यांच्या एका पंखाची पिसं छाटायला हवी होती, आणि त्यांना दुखेल या भीतीने तेच ती महिनाभर टाळत होती.

"हीच द्या," ती म्हणाली.

शेतावर जाळी ठोकून झाल्यावर नवऱ्याने, मुकुलने, एकेक टर्की धरला आणि तिने पिसं छाटली. सोडताच ते अंग झाडून शेळ्यांमध्ये चरायला लागले. सुखदा मात्र कुंपणाचा कोपरा न् कोपरा पुन्हा हलवून बघत राहिली.