तीस ग्रॅम कुठून आले?

नवरा आजारी निघालेला बरा की खोटारडा, असं मला त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर मी त्यालाच दोन ठेवून दिल्या असत्या. कारण मला स्वतःलाच ते ठरवता येत नव्हतं.

नीट सांगते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात सायकल हाणतो. हाणतो म्हणजे एका दमात दोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि वय किती, तर सेहेचाळीस. विद्यापीठात एक प्रयोग निघाला. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनी प्रथिनं किती खावीत, जास्त खाल्ली तर दमसास खरंच वाढतो का, असा काहीतरी. हा पठ्ठ्या मला न विचारता नाव देऊन आला. आठ आठवडे ते सांगतील तेवढंच खायचं, आणि आठवड्यातून दोनदा चोवीस तासांची लघवी निळ्या कॅनमध्ये साठवून नेऊन द्यायची. वर कॅन थंड ठेवायचा. म्हणजे कुठे? आमच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याखाली! पहिल्या दिवशी मी त्याला जे काही बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

पण खाणं तोलायचं काम मीच घेतलं. मी पार्सल ऑफिसात काउंटरला असते, अठरा वर्षं वजनंच करतेय. माझ्या वजनात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय. दिवसाला पंच्याऐंशी ग्रॅम प्रथिनं म्हणजे पंच्याऐंशी. डाळ कोरडी असताना तोलायची, शिजल्यावर नाही. ताटात घासभर उरलं तर तेही तोलून वजा करायचं. तो हसायचा, म्हणायचा, "मला शिक्का मारून पाठवून दे कुठेतरी." मी म्हणायचे, "पत्ता सांग, आत्ता पाठवते."

पाचव्या आठवड्यात प्रयोगशाळेतून फोन आला. दोघं या.

तिथली बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. चष्मा डोक्यावर आणि शोधत होती टेबलावर. तो सापडल्यावर तिने कागद पुढे सरकवला आणि मला समजेल असं सांगितलं. माणूस जेवढं प्रथिन खातो साधारण त्या हिशोबात लघवीतून नायट्रोजन बाहेर पडतो. त्यावरून मागे जाऊन खाल्लं किती ते काढता येतं.

"तुमच्या वहीत रोजचे पंच्याऐंशी ग्रॅम आहेत," ती म्हणाली. "कॅन म्हणतोय एकशे पंधरा."

"तुमचं मशीन तपासा," मी म्हटलं.

"तीनदा तपासलं."

"मग माझं वजन चुकतंय म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही हो. दोनच गोष्टी असू शकतात. एक तर हे बाहेर काहीतरी खातायत. नाहीतर एवढ्या मेहनतीला अन्न पुरत नाहीये आणि शरीर स्वतःचेच स्नायू जाळतंय. तसं असेल तर सायकल बंद, आणि मूत्रपिंडापासून सगळं तपासावं लागेल."

मूत्रपिंड! याची आई त्यानेच गेली होती.

मी त्याच्याकडे वळले. "बाहेर काही खातोस?"

"नाही," तो म्हणाला. हे तो माझ्याकडे बघून नाही, कोपऱ्यातल्या चाचणीच्या सायकलला लटकवलेल्या, श्वास मोजायच्या मुखवट्याकडे बघून म्हणाला.

बाईने आणखी एक कागद काढला, नकाशाचा. त्याच्या सायकलला त्यांनी एक यंत्र लावलं होतं, कुठून कुठे गेला ते टिपणारं. "रोज सकाळी सात वाजता या ठिपक्यावर वीस मिनिटं थांबतात. पंक्चर काही रोज होत नाही."

"दम खातो," नवरा म्हणाला.

"दम खाल्ल्याने नायट्रोजन वाढतो का हो?" मी बाईला विचारलं. ती बिचारी हसली नाही. सोमवारपर्यंत खरं काय ते सांगा, एवढंच म्हणाली.

घरी येताना माझं डोकं नुसतं भणभणत होतं. रोज त्याचं वजन करून बघितलं. अडुसष्ट चारशे, अडुसष्ट शंभर, अडुसष्ट सहाशे. घटतंय म्हणावं तर घटत नाही, वाढतंय म्हणावं तर वाढत नाही. चेहरा तर पूर्वीपेक्षा तुकतुकीत. मग मनात आलं, माणूस तुकतुकीत कधी दिसतो? सकाळी सातला वीस मिनिटं. त्या भागात आमचं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. कोण असेल, काय खायला घालत असेल? मग स्वतःचीच लाज वाटायची. मग वाटायचं, देवा, असूच दे कोणीतरी, पण त्याची मूत्रपिंडं नीट असू देत. आणि लगेच वाटायचं, अगं, काय मागतेयस तू?

शनिवारी तो निघाला आणि मागोमाग मी बस पकडली. कागदावरचा ठिपका एका तीन मजली इमारतीवर होता. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं बंद दुकान, आणि जिन्याच्या कठड्याला कुलूप लावलेली याची सायकल. मी समोरच्या दुकानाच्या फळीआड उभी राहिले. बरोबर वीस मिनिटांनी हा खाली आला, मनगटाने तोंड पुसत! वर बघून हात केला. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतूनही एक हात हलला. नुसता हात, बाकी पडदा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो वळणाआड जाईपर्यंत थांबले, दोन-दोन पायऱ्या चढले आणि दार असं वाजवलं की शेजारच्यांनी उघडलं.

मग हेही दार उघडलं. समोर माझे सासरे. हातात ताटली, ताटलीत अंड्यांची टरफलं.

सहा वर्षांनी बघत होते मी त्यांना. सासूबाईंचं आजारपण मी काढलं. डॉक्टरांनी प्रथिनं अगदी कमी करायला सांगितली होती, म्हणून त्यांचाही घास न् घास मी तोलूनच द्यायचे. त्या गेल्या तेव्हा भरल्या घरात सासरे म्हणाले, "हिने उपाशी मारली तिला." आणि घर सोडून गेले. कुठे गेले ते मी विचारलं नाही, नवऱ्याने सांगितलं नाही. आणि नवरा तेव्हा एक शब्द बोलला नव्हता. ना त्यांच्या बाजूने, ना माझ्या. तेच मला सहा वर्षं खात होतं.

म्हणजे यालाही तसंच वाटतं? मी उपाशी ठेवते, म्हणून हा बापाकडे येऊन पोट भरतो?

"पडला का तो?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत्ता तर गेला. गाडीने उडवलं का?"

"नाही नाही. ठणठणीत आहे तो."

ते मटकन खुर्चीवर बसले. ताटलीतली टरफलं खाली सांडली.

"मग तू कशी आलीस? रोज त्यालाच पाठवतेस ना?"

"मी पाठवते?"

"तोच सांगतो की. तिनेच पाठवलंय, म्हणतो, बघून ये म्हणाली. दोन महिने रोज." त्यांनी ताटली बाजूला ठेवली. "एवढं झाल्यावर तू विचारपूस करतेस, मग त्याला रिकाम्या पोटी कसा परत पाठवू? पाच अंडी उकडतो. नको म्हणतो आधी, पण मी ऐकत नाही."

पाच अंडी. सहा ग्रॅमचं एक. तीस ग्रॅम इथे होते तर! तो आजारी नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं. आणि इतका रागही आला की तो समोर असता तर काय केलं असतं सांगता येत नाही. बापाशी खोटं, बायकोशी खोटं, वर विद्यापीठाशीही! आणि सगळं कशासाठी, तर या म्हाताऱ्याच्या तोंडी माझं नाव बरं यावं म्हणून. रागवायचं कुणावर आणि किती, काही उमजेना.

"तूच पाठवतेस ना गं?" त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"हो," मी म्हटलं. "मीच पाठवते."

त्यांनी मान हलवली. वाकून सांडलेली टरफलं गोळा करायला लागले. "मी तेव्हा बोललो ते वाईट बोललो," ते म्हणाले. "डॉक्टरांचा कागद मी नंतर वाचला."

 मी कामाचं तेवढं बोलले. "बाबा, त्याचा प्रयोग आहे. अजून तीन आठवडे त्याला एकही अंडं द्यायचं नाही."

"मी तर आठवडाभराची आणून ठेवलीत," ते गोंधळून म्हणाले. "मग उकडू कुणासाठी?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

"माझ्यासाठी उकडा," मी म्हटलं. "मी काही खाऊन निघाले नाही."