रेषेबाहेरची हळद

नंदुरबारच्या भूपेंद्रने मागे एका लग्नाच्या फिल्ममध्ये अख्खं वऱ्हाड हिरवट करून ठेवलं होतं. लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा भरवसाच उडाला. एडिटिंगला बसला की शेजारी रंग मोजणारा स्कोप उघडायचा. त्या गोल आलेखात चित्रातले रंग ठिपक्यांनी दिसतात आणि कातडीच्या रंगाची एक रेषा असते. माणूस गोरा असो की सावळा, चेहऱ्याचा रंग तिच्यावरच यायला हवा. भूपेंद्रला ती रेषा म्हणजे देवाची आज्ञा वाटे.

कोरीट गावच्या काजलच्या हळदीच्या फिल्ममध्ये सगळे ठिपके पिवळ्याकडे पळालेले दिसले. मांडवाचं पिवळं कापड नडलं, असं समजून भूपेंद्रसाहेबांनी ते ठिपके ओढून नीट रेषेवर बसवले आणि स्वतःवरच खूश झाले.

फिल्म दाखवायला तो कोरीटला गेला. काजलची आई बेबीबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. ती विधवा, म्हणून हळदीच्या वेळी जेठाणीने, तिच्या थोरल्या जावेने, तिला आत बसवलं होतं. ती दारात डोकावली, तेव्हा भूपेंद्रनेच हाताने तिला मागे सारलं होतं. "बरं भाऊ," ती म्हणाली होती, "मी फिल्ममा देखसू."

आता हळदीचा प्रसंग आला. काजलचा चेहरा नुकताच धुतल्यासारखा स्वच्छ. वाटीतली हळद मातकट. बेबीबाईने पुढे सरकून पदराने टीव्हीची काच पुसली. मग पुन्हा पुसली.

"भाऊ, मन्ही पोरनी हयद कोठे शे?"

भूपेंद्र स्कोपचं सांगायला गेला आणि अडखळला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, मन्ही चूक शे. हयद मीच पुशी टाकी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "बरं भाऊ" म्हणाली, तेव्हासारखंच.

स्टुडिओत येऊन त्याने रंगांत केलेले सगळे बदल काढून टाकले. ठिपके रेषा सोडून पिवळ्याकडे गेले. या पोरीच्या चेहऱ्याकडे आपण एकदाही पाहिलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला काजल पडद्यावर पिवळीधमक आली. बेबीबाई उठून टीव्हीपाशी गेली. भूपेंद्रला वाटलं, पुन्हा काच पुसते की काय. तिने बोट टेकवलं आणि लेकीच्या एका गालावरून, मग दुसऱ्या गालावरून, हळद लावतात तसं हलकेच फिरवलं.

जेठाणी शेजारीच बसली होती. या वेळी बेबीबाईला कोणी आत बसवलं नाही. तिला मागे सारणाऱ्या भूपेंद्रची मान मात्र वर होईना.