पंचेचाळीस ते साठ

शिवांजली साताऱ्यात पेटंटच्या अर्जांचं काम करायची. पेटंट कार्यालयाकडून आलेला आक्षेप फोनवर सांगण्यासारखा नव्हता, म्हणून सकाळच्या एसटीने तिने सांगली गाठली आणि तासगाव रोडवरच्या अजितकुमार पाटलांच्या बेदाण्याच्या शेडवर गेली.

अजितअण्णांनी द्राक्षं सुकवायची नवी रीत बसवली होती. ठरावीक द्रावणात बुडवून गरम हवेत सुकवायची. हवेचं तापमान पंचेचाळीस ते साठ अंश. अर्ज लिहितानाच तिने विचारलं होतं, "अण्णा, साठपर्यंत कशाला?" "असू द्या की," म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

"फलटणच्या एका इंजिनिअरचा जुना अर्ज सापडलाय," ती म्हणाली. "द्रावण तेच, रीत तीच. तापमान पंचावन्न ते पंच्याहत्तर."

"त्याला पेटंट मिळालं?"

"नाही, त्याने अर्ज मधेच सोडला. पण तो प्रसिद्ध झाला होता. प्रसिद्ध झालेलं नवं राहत नाही."

"पर त्याचं पंच्याहत्तरपतुर जातंय. आमचं पंचेचाळीसला सुरू हुतंय. दोन्ही एक कसं?"

"सगळं एक असायची गरज नाही. त्याने अठ्ठावन्नावर द्राक्षं सुकवून दाखवलीत. तो एक आकडा तुमच्या मर्यादेत बसला, की अख्खी मर्यादा नवी म्हणता येत नाही."

अण्णांनी जरा विचार केला. "मग अठ्ठावन्न सोडून लिवा."

शिवांजलीने हसू आवरलं. "त्याची सुरुवात पंचावन्नाला, तीही तुमच्या आत येते. आणि अठ्ठावन्नाला जमलं तर सत्तावन्नाला जमेल, हे कुणीही सांगेल. तुमचा माल नेमका कितीवर चांगला निघतो?"

"अठ्ठेचाळीस. लय झालं तर पन्नास. हिरवागार ऱ्हातोय. फुडं तांबूस पडतोय."

"मग साठ का मागितलं?"

चहा घेऊन आलेल्या अण्णांच्या पत्नी चंदनबालावहिनींनीच सांगून टाकलं, "सम्मेदभावजींचं मशीन पंचावन्नावर चालतंय न्हवं!"

सम्मेद अण्णांचा चुलतभाऊ. शेडची वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

शिवांजलीला राग आला. भावाला अडवायला आकडा ताणला होता, आणि अर्ज मात्र तिच्या सहीने गेला होता. "हे आधी सांगायला हवं होतं, अण्णा," ती म्हणाली. "आता पंचेचाळीस ते पन्नास एवढंच मागू. तिथं फलटणवाला उतरलेला नाही. पण खाली उतरल्यावर मालात खरंच फरक पडतो, हे दाखवावं लागेल."

"आन् पंचावन्न?"

"ते सगळ्यांचं. सम्मेदचंही."

अण्णांनी चहा संपवला. कप खाली ठेवत म्हणाले, "करा."

एकाच बागेतली द्राक्षं निम्मी अठ्ठेचाळिसावर आणि निम्मी पंचावन्नावर सुकवली. पहिली हिरवी राहिली, दुसरी तांबूस पडली. ते निष्कर्ष जोडून शिवांजलीने उत्तर पाठवलं. सुनावणीत बरीच प्रश्नोत्तरं झाली, पण पंचेचाळीस ते पन्नास एवढ्यापुरतं पेटंट मिळालं.

पुढच्या हंगामात अण्णांचा फोन आला. "सम्मेद आलता. हिरवा माल बघून म्हणाला, दादा, आमी बी अठ्ठेचाळिसावर चालवू का?"

"मग?"

"चालव म्हटलं. परवानगीचा कागद तेवढा रीतसर करा. त्याच्या मशीनला कमी तापमान धरवत न्हाई, उद्या आमचा मिस्त्री घिऊन जातोय."

शिवांजलीने कागदासाठी सम्मेदचं पूर्ण नाव विचारलं. अण्णांनी ते चुलत्यांच्या नावासकट, सावकाश सांगितलं.