एरियल नसलेली सकाळ

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरील नेमुरो गावातून कोजिमा नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं, तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि माझे केस काळे होते. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. विसरलो म्हणून नव्हे. काय लिहावं ते कळेना, म्हणून.

पत्र जपून लिहिलेल्या इंग्रजीत होतं. स्वतः बांधलेल्या रिसीव्हरवर त्यांनी एका सकाळी माझं कॉल साइन ऐकलं होतं. कॉल साइन म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांना सरकारने दिलेलं नाव. मी ते मोर्सच्या टिकटिकीत पाठवतो. आवाज फार बारीक होता, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि शेवटी: ‘माझ्या रिसीव्हरवर आलेला हा पहिला भारत. घरात कुणाला खरं वाटत नाही आणि आता मलाही वाटेनासं झालं आहे. मी बरोबर ऐकलं का, एवढंच कळवा.’

आमच्या छंदात अशी रीत आहे. ऐकणारा कळवतो, पाठवणारा आपल्या नोंदी ताडून पाहतो आणि एक कार्ड धाडतो, की होय, तो मीच. खात्री नसताना ते कार्ड पाठवणं म्हणजे खोटी साक्ष.

माझी अडचण अशी होती, की त्या सकाळी माझ्या गच्चीवर एरियलच नव्हतं. वाऱ्याने त्याचा बांबू पडला होता. नवा ट्रान्समीटर मी नुसता तपासून पाहत होतो. तपासताना एरियलच्या जागी स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब जोडायचा. मोर्सची चावी दाबली की बल्ब लागतो, सोडली की विझतो. सगळी शक्ती त्यातच जळून जाते, बाहेर काही जात नाही. पुस्तकात तसं लिहिलं होतं आणि माझा स्वतःपेक्षा पुस्तकावर विश्वास जास्त.

कोजिमांनी दिलेली वेळ माझ्या तपासणीशी जुळत होती. पण सोलापूरच्या साखर पेठेतून जपानला जायला वाटच नव्हती. कुणी माझं नाव वापरलं असेल, किंवा त्यांना भास झाला असेल. ‘होय’ लिहिलं तर खोटं झालं असतं, आणि ‘तुम्हाला भास झाला’ असं लिहायचा धीर मला नव्हता.

यंदा मार्चमध्ये माझी बायको राजेश्वरी माळा आवरत होती. तिने एक डबा खाली दिला. त्यात तो बल्ब होता, झाळून जोडलेल्या दोन वितीच्या वायरीसकट.

“टाकू का हा?”

“नको.”

“सगळ्या घरात एलईडी आहेत. हा आता कुणाला उजेड देणार?”

मी डबा बाजूला ठेवला. सूर्यावरचे डाग सध्या वाढलेले आहेत. ते वाढले की आपल्या डोक्यावर, ढगांच्याही खूप वर, हवेचा एक थर रेडिओच्या लाटा खाली परत टाकू लागतो. ज्या वर्षी ते पत्र आलं, तेव्हाही डाग असेच वाढले होते. शिवाय आता लोकांनी आपापले रिसीव्हर इंटरनेटवर खुले करून ठेवले आहेत. होक्काइदोतला एक रिसीव्हर माझ्या फोनवर लागतो, हे मला ठाऊक होतं. फक्त करून बघायची भीती वाटत होती. काहीच ऐकू आलं नाही, तर कोजिमांना मी कायमचं खोटं ठरवणार होतो.

दोन दिवसांनी सकाळी लाईट गेली. आमच्या गल्लीत लाईट गेली की सगळे यंत्रमाग एकदम थांबतात आणि रेडिओतली खरखरही थांबते. मी गच्चीवर ट्रान्समीटरला बॅटरी जोडत होतो तेवढ्यात महबूब वर आला. त्याचं खाली जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. माझ्या कॉइलींना तार आजवर त्यानेच दिली. आमच्या गल्लीत चष्मा लावणारा प्रत्येक जण मास्तर असतो.

“लाईट गेली की आमचा धंदा बंद, मास्तरचा चालू!” तो म्हणाला. “आज एरियल कुटं हाय?”

“आज एरियल नाही. बल्ब आहे.”

“बल्बातून कुटं जानार?”

“जपानला.”

महबूब हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघून खाली बसला. मी फोन त्याच्या हातात दिला. त्यातून पावसासारखी सळसळ येत होती. ती इथली नव्हती, होक्काइदोच्या हवेतली होती.

मी चावीवर बोट ठेवलं. आधी माझं कॉल साइन पाठवलं. बल्ब उन्हात फिकट लागत विझत होता. फोनमध्ये सळसळच होती.

“न्हाय काय,” महबूब हळूच म्हणाला.

मी पुन्हा पाठवलं. या वेळी शेवटचं अक्षर पाठवून हात मांडीवर ठेवला. बल्ब विझला. आणि फोनमधून, सळसळीच्या मागून, डासाच्या गुणगुणीएवढ्या आवाजात माझी अक्षरं येऊ लागली. इंटरनेटला आवाज आणायला वेळ लागतो, तेवढी ती मागे पडली होती. माझा हात स्वस्थ होता, आणि मी मात्र अजून जपानमध्ये टिकटिकत होतो.

महबूबने फोन छातीशी धरला, मग पुन्हा कानाला लावला. “मास्तर, हे तुमी हाय?”

मी मान हलवली.

“दोन वितीच्या तारेतून?”

बल्बाची ती वायरच एरियल झाली होती. सगळी शक्ती जळते असं पुस्तक म्हणत होतं. सगळी जळत नव्हती. चिमूटभर निसटली होती, सोलापूरच्या गच्चीवरून उठून सूर्याने तापवलेल्या त्या थराला टेकली होती आणि समुद्रापलीकडे एका माणसाच्या कानात उतरली होती. त्याने ती ओळखली. मी माझीच ओळखली नाही.

आमचं बोलणं ऐकून राजेश्वरी वर आली. “काय झालं? दोघं असे का बसलात?”

“वहिनी, बल्ब टाकू नका,” महबूब म्हणाला.

मी तिला सगळं सांगितलं. मग मी म्हणालो, “पण आज गेलं म्हणजे तेव्हाही गेलं असेल, असं म्हणता येतं का?”

“अय्यो, तोच बल्ब, तीच वायर, तीच गच्ची. अजून काय पाहिजे तुम्हाला? तुम्ही लिहा.”

त्या दुपारी मी कार्ड लिहिलं. तारीख, वेळ, आणि एरियलच्या रकान्यात ‘स्कूटरचा बल्ब’. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच: ‘तुम्ही बरोबर ऐकलं होतं. उशिराबद्दल माफी असावी. कृपया घरच्यांनाही सांगा.’

दुसऱ्या दिवशी मोठ्या पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं.

“जपान? नातू हाय का तितं, आजोबा?”

“नाही. ओळखीचे आहेत.”

“पत्ता लई जुना वाटतोय. पोचलं न्हाय तर?”

एरवी मी पाकीट परत मागितलं असतं. हात पुढे झालाही होता. पण कानात ती डासाएवढी गुणगुण होती.

“पाठवा तुम्ही,” मी म्हणालो.

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.