दमलेली तार

मल्हार यात्रेला गावी आला की पाय धुवायच्या आधी गिटारीचे कान, म्हणजे खुंट्या, पिळायचा. गिटार त्याची, त्यात त्याची बायको माया काय बोलणार?

विट्याच्या पुढच्या त्यांच्या गावातले बाप्ये सोनं गाळायच्या धंद्यापायी मुलूखभर पांगलेले. मल्हार शिलाँगला. तिथं गलाईच्या दुकानात ॲसिड सांडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठली. शेजारच्या एका खासी म्हाताऱ्यानं त्याला जुनी गिटार दिली आणि तारा अशा लावून दिल्या, की काही न दाबता नुसता हात फिरवला तरी सूर भरून यावा. जाड तारेपासून सा, प, सा, ग, प, सा. एक ताठ बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून वर-खाली सरकवलं, की झाली गाण्याची साथ. पुढं एका वर्षी ती गिटार त्यानं घरी आणली आणि भिंतीला अडकवून ठेवली. वर्षातून एकदा काढायची, वाजवायची, परत अडकवायची.

यात्रा उठली की गाड्या जायच्या, दुमजली घरांना कुलपं लागायची. माया, सासू हरणाबाई आणि मेंढरं एवढी मागं उरायची. दुपारी सासूचा डोळा लागला की माया गिटार मांडीवर घ्यायची. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं चुकलं म्हणायलाही कुणी नव्हतं. हा फायदा मोठा.

पण तारा काही वर्षभर जाग्यावर राहत नाहीत. बाकीच्या ती एकमेकींशी ताडून वर आणायची. 'ग'ची तार मात्र सारखी खाली घसरायची. शेवटी मायानं तिला तिथंच राहू दिलं. पेटीवाला त्या सुराला कोमल ग म्हणाला असता. मायाला ती तार नुसती दमलेली वाटली, आणि दमलेल्या बाईला उठवायचं तिच्या जिवावर आलं. मल्हारच्या जुळणीत गिटार यात्रेतल्यासारखी हसायची. या जुळणीत ती कुलपं लागलेल्या गावासारखी वाजायची.

त्या तारेवर मायाला एक चाल सापडली. जाड तारा अंगठ्यानं घुमत ठेवायच्या, दमलेली तार मोकळी छेडायची, तिथून बोट सरकवत वर न्यायचं आणि वरच्या सुराला पोचायच्या आत सोडून द्यायचं.

मग मागल्या चैत्रात मल्हार आला. ‘वरीसभर कुनी हात लावला न्हाई, पार उतरली बग,’ म्हणाला, आणि पिळली खुंटी. तो गेल्यावर मायानं चाल धरली. तीच बोटं, त्याच जागा, पण गिटार आपली खुशाल हसत होती. तार नेमकी किती उतरवायची ते काही केल्या सापडेना. आखाड गेला, दसरा गेला, तेव्हा कुठं ती जागा लागली. तोवर चालीचा अर्धा भाग हातातून गेला होता. तो परत आलाच नाही.

दर रविवारी फोन यायचा. आईच्या गोळ्या, बोअरचं पाणी, मेंढरांची लस. दुपारी तू काय करतेस, असं मल्हारनं कधी विचारलं नाही. मग सांगायचं तरी कुठल्या प्रश्नाला?

यंदा तो आला, बॅग ठेवली, गिटार काढून ओट्यावर बसला. तारांवरून हात फिरवून त्यानं तोंड वाकडं केलं आणि हात खुंटीकडं नेला. उरलेली अर्धी चाल आता जाणार, हे मायाला दिसलं.

"नका पिळू."

"आगं, उतरलीया."

"उतरली न्हाई. म्या लावलीया ती."

मल्हारनं आईकडं बघितलं.

"मला नगं इचारू," हरणाबाई म्हणाली. "रोज दुपारी झोपल्याचं सोंग करून जीव जातोय माजा."

त्यानं गिटार मायापुढं केली. मायानं वाजवलं. दुसऱ्या कुणासमोर पहिल्यांदाच. मल्हार ओट्याच्या कडेकडं बघत ऐकत राहिला. चाल मध्येच थांबली.

"फुडं?"

"फुडचं गेलं. मागल्या साली तुमी पिळली तवा."

त्यानं गिटार घेतली आणि नेहमीचं यात्रेतलं गाणं धरलं. ताठ बोट आडवं टाकलं, वर सरकवलं, खाली आणलं. जिथं न्यावं तिथं गिटार उदासच बोलली.

"हिच्यावर माजं कायच वाजंना गं."

खुंटीला जरासा पीळ दिला असता तर वाजलं असतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. मायानं हात पदरात ठेवले.

"आयकत बसा की मग," ती म्हणाली.

तो बसला, यात्रा संपेपर्यंत रोज बसला, पाहुण्यासारखा, चहा घेत. गिटार त्यानं परत मागितली नाही.

तो गेल्यावर दुपारी मायानं गिटार खाली काढली. तार तिनं ठेवली होती तिथंच होती, केसभरही हललेली नव्हती. मल्हार येऊन गेल्याची खूण गिटारीवर कुठंच नव्हती. तिला हवं होतं ते हेच. तरी बराच वेळ तिनं तार छेडली नाही.

"वाजीव की," आतून हरणाबाई म्हणाली. "झोपलीया मी."